दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा नव्हेत

जुलै संपत आला की पीक विम्याची मुदत डोक्यावर असते. निकाल लागले की उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी मुलांची रांग लागते. कापूस घरात येऊ लागला की विक्रीच्या नोंदणीची घाई होते. नेमक्या याच दिवसांत कोरपना, गडचांदूर, नांदा किंवा जिवतीकडच्या सेवा केंद्रात ‘लिंक नाही’ हे उत्तर ऐकायला मिळते आणि शेतकऱ्याचा दिवस, मजुरी व भाडे वाया जाते. यावर उपाय म्हणून बहुतेक ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था आणि केंद्रचालक जास्त वेगाचा प्लॅन घेतात. ३० एमबीपीएसची जोडणी १०० ची करतात, १०० ची ३०० ची करतात. हा खर्च चुकीच्या जागी होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. दाखल्याचा अर्ज आणि त्यासोबतची कागदपत्रे मिळून काही एमबी भरतात. दवाखान्यातून तज्ज्ञ डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. आपल्याकडे वेगाची चणचण क्वचित असते. अडते ते जोडणी टिकण्यापाशी. तेव्हा पैसा वाटेवर, विजेवर आणि आपल्या भिंतीवरच्या पेटीवर खर्च करावा. तो कसा करावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी वाट समजून घेऊ. कोरपन्यातल्या संगणकातून निघालेली माहिती भिंतीवरच्या पेटीतून, म्हणजे ओएनटीतून, प्रकाशाच्या रूपाने काचेच्या तंतूत शिरते. या तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक. तिथून ती तालुक्याच्या किंवा गडचांदूरच्या केंद्रात जाते, आणि मग राजुरा, चंद्रपूर, नागपूर अशा टप्प्यांनी मोठ्या शहरांतल्या सर्व्हरकडे. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईपर्यंतचा तंतूचा मार्ग हजार किलोमीटरच्या आसपास धरला, तर जाऊन-येऊन सुमारे १० मिलिसेकंद लागतात आणि वाटेतल्या यंत्रांचा वेळ मिळवून २०-४० होतात. परदेशातल्या सर्व्हरशी बोलायचे असेल, तर पुढे समुद्राखालच्या केबल लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नोंदीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ स्थानकांवर किनाऱ्याला लागत होत्या. ही स्थानके मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन आणि तिरुअनंतपुरम या पाचच शहरांत होती. मुंबईत येणाऱ्या बऱ्याच केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात. मुंबईला हे नवीन नाही. १८७० मध्येच ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तारेची केबल टाकली होती.

इतक्या लांबच्या वाटेत समुद्र हाच सर्वांत धोक्याचा भाग असेल, असे वाटणे साहजिक आहे. केबल तुटल्याच्या बातम्याही मोठ्या येतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ ‘फ्लॅग’ आणि ‘सी-मी-वी ४’ या दोन्ही केबल एकाच दिवशी निकामी झाल्या आणि भारताच्या परदेशी बँडविड्थपैकी निम्म्याच्या आसपास गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात काही केबल तुटल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ ‘सी-मी-वी ४’ आणि ‘आयएमईडब्ल्यूई’ तुटल्या, आणि या दोन्ही मुंबईला लागतात. तरीही त्या दिवसांत देशातले इंटरनेट बंद पडले नाही, मंदावले. वाहतूक दुसऱ्या केबलवर वळवली गेली आणि गरज पडली तिथे पूर्वेकडून, सिंगापूरमार्गे, लांबच्या वाटेने फिरवली गेली. जगभरात समुद्री केबलमध्ये वर्षाला दीडशे-दोनशे बिघाड होतात आणि त्यांतले बहुतांश मासेमारीच्या जाळ्यांमुळे किंवा जहाजांच्या नांगरांमुळे होतात. सामान्य माणसाला त्यांतले दोन-चारही जाणवत नाहीत, कारण तुटलेल्या केबलच्या शेजारी दुसरी वाट तयार असते. अलेक्झांड्रियाच्या घटनेत मात्र आपल्यासाठी एक मोठा धडा आहे. त्या दोन केबलची मालकी वेगवेगळी होती, नावे वेगळी होती, करार वेगळे होते, पण त्या ठिकाणी दोघी जवळजवळ एकाच भागातून गेल्या होत्या. वाट एक, तर दुर्दैवही एक. ज्यांची पूर्वेकडेही क्षमता घेतलेली होती, ते लवकर सावरले.

हा धडा कोरपन्याच्या जमिनीवर ठेवून पाहू. आपल्या तालुक्यात आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, नारंडा इथे सिमेंटचे कारखाने आले ते जमिनीतल्या चुनखडीमुळे. हीच चुनखडी केबलसाठी चर खोदणाऱ्याला आडवी येते. ग्रामपंचायतींपर्यंत नेलेल्या सरकारी केबलसाठी साध्या मातीत १.६५ मीटर खोलीचा दंडक आहे. खडक लागला की कमी खोली चालते, पण मग लोखंडी नळी किंवा काँक्रीटचे आवरण हवे. ते जिथे राहून जाते, तिथे केबल वरच्या थरात पडून राहते आणि रस्ता रुंद करायला किंवा नळयोजनेची पाइपलाइन टाकायला जेसीबी आला की पहिल्याच घासात तुटते. काळ्या मातीचा त्रास वेगळा. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि उथळ टाकलेल्या नळ्यांना दरवर्षी थोडे थोडे सरकवते. खांबावरून ओढलेल्या केबलला सिमेंट आणि कोळशाच्या उंच भरलेल्या ट्रकचा धोका असतो, बांधावर पऱ्हाटी पेटवली की आगीचा, आणि जमिनीजवळच्या पेट्यांत उंदीर-घुशींचा. म्हणून समुद्रातल्या केबलची चिंता करण्याआधी राजुरा-गडचांदूर-कोरपना रस्त्याच्या कडेची चिंता करावी. चंद्रपूर ते कोरपना हे साठेक किलोमीटरचे अंतर मुंबई ते युरोपच्या हजारो किलोमीटरपेक्षा आपल्याला अधिक वेळा बंद पाडते, कारण समुद्रात पर्याय आहेत आणि इथे बहुधा एकच चर आहे.

सरकारनेही हे ओळखले आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेत तालुक्याच्या केंद्रातून निघालेली केबल बऱ्याच ठिकाणी एकापुढे एक गावे जोडत गेली. पहिल्या दोन गावांमध्ये केबल तुटली की पुढची सगळी गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये, सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या तरतुदीसह, तालुका आणि ग्रामपंचायती वर्तुळाकार जोडण्याचे ठरले. वर्तुळ एका जागी तुटले, तर माहिती उलट्या बाजूने फिरून पोहोचते. हे योग्यच आहे. पण वर्तुळाच्या दोन्ही बाजू एकाच रस्त्याच्या एकाच चरातून गेल्या, तर ते वर्तुळ कागदावरच राहते. काम आपल्या गावात येईल तेव्हा सरपंच आणि ग्रामसेवकांनी कंत्राटदाराला हाच प्रश्न विचारावा: येणारी आणि जाणारी केबल कोणत्या कोणत्या रस्त्याने आहे? नकाशा मागून घ्यावा आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावा.

खासगी जोडणी घेतानाही हीच चौकशी हवी. अनेक संस्था दोन कंपन्यांच्या जोडण्या घेऊन निश्चिंत होतात. पुढे एके दिवशी दोन्ही एकाच वेळी जातात, तेव्हा कळते की दोघांचे तंतू एकाच खांबावरून आले होते किंवा दोघांनी गडचांदूरपासून पुढे एकाच तिसऱ्या कंपनीची केबल भाड्याने घेतली होती. म्हणून विक्रीला आलेल्या माणसाला वेगाआधी तीन गोष्टी विचारा. तुमची केबल कोरपन्यात कोणत्या रस्त्याने येते? राजुऱ्याकडच्या रस्त्यावर तुटली, तर तुम्हाला दुसरीकडून, समजा बेला-आदिलाबादच्या बाजूने, जोड आहे का? आणि तुमच्या इथल्या केंद्रातली यंत्रे वीज गेल्यावर किती तास चालतात? त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याच्या तंत्रज्ञाला विचारा. खांब चढणाऱ्या आणि तंतू जोडणाऱ्या माणसाला ही माहिती असते आणि तो ती सहसा लपवत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोबाइलचा: हातात फोर-जी असताना दुसरी केबल कशाला? मोबाइल ही दुसरी वाट होऊ शकते, पण आपोआप होत नाही. टॉवरपासून फोनपर्यंतचा थोडा भाग बिनतारी असतो. टॉवर स्वतः तंतूने किंवा मायक्रोवेव्हने मागे जोडलेला असतो. तुमची केबल आणि टॉवरचा तंतू एकाच चरात असेल, तर जेसीबी दोन्ही एकदमच बंद करतो. याची परीक्षा मात्र फुकट करता येते. केबल तुटेल त्या दिवशी गावात कोणत्या कंपनीचे सिम चालू राहिले, हे वहीत लिहून ठेवा. तीन-चार वेळा तेच सिम टिकले, तर तीच तुमची खरी दुसरी वाट. ते सिम आणि सिम घालता येईल असा राउटर घ्या. तो केबल गेल्यावर आपोआप सिमवर जातो आणि केबल परत आल्यावर मागे फिरतो.

दुसरा आक्षेप उपग्रहाचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या आणि त्यात गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यांचे नाव आले. जिथे चर खोदणे खरोखर अवघड आहे, त्या भामरागड-एटापल्लीच्या जंगलभागासाठी ही मोठी सोय ठरेल, आणि कोरपना-जिवतीच्या डोंगराळ टोकालाही तिचा उपयोग होईल. जेसीबीची भीती नसलेली वाट म्हणून मी तिचे स्वागत करतो. पण ती तंतूची जागा घेणार नाही. उपग्रहावरून उतरलेली माहिती जमिनीवरच्या स्थानकातून पुन्हा तंतूतच शिरते, एका भागाची क्षमता तिथल्या सगळ्या ग्राहकांत वाटली जाते, आणि मुसळधार पावसात संकेत क्षीण होतो. पहिली वाट तंतूची, दुसरी उपग्रहाची किंवा मोबाइलची, असा क्रम ठेवावा.

आता इमारतीच्या आत येऊ. तंत्रज्ञ येऊन ‘लाइन ठीक आहे’ म्हणून जातो आणि नेट तरीही चालत नाही, अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते. ओएनटीच्या पुढे जी छोटी पेटी अनेक संगणकांना वायर वाटते, ती म्हणजे स्विच. कोणता संगणक कोणत्या भोकाला जोडला आहे, हे ती स्वतः लक्षात ठेवते आणि माहिती फक्त त्याच बाजूला पाठवते. सर्वांना उद्देशून आलेला संदेश मात्र ती सगळीकडे पाठवते. इथेच घात होतो. शाळेच्या संगणक कक्षात कोणी मोकळी दिसणारी वायर उचलून त्याच स्विचच्या दुसऱ्या भोकात घातली, किंवा दोन स्विचमध्ये चुकून दोन वायर जोडल्या, की तोच संदेश गोल गोल फिरत राहतो आणि काही क्षणांत सगळे संगणक ठप्प होतात. त्या वेळी स्विचचे सगळे दिवे एकदम वेगाने लुकलुकतात. एकेक वायर काढून पाहा. ज्या वायरीने दिवे शांत होतील, ती दोषी. रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञ बाईंनी १९८५ मध्ये यावर उपाय शोधला, त्याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. तो किंवा निदान ‘लूप डिटेक्शन’ असलेला स्विच थोडा महाग पडतो, पण शाळेसाठी तोच घ्यावा. दोन वाटांचा आग्रह मी धरतो आहे, म्हणून इथे स्पष्ट सांगायला हवे: साध्या स्विचला दोन्ही जोडण्यांच्या वायर लावून दुसरी वाट होत नाही. त्यासाठी दोन जोडण्या सांभाळणारा राउटर लागतो.

स्विचच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एका गोष्टीकडे फार दुर्लक्ष होते, ती म्हणजे उष्णता. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक छोट्या स्विचवर ० ते ४० अंश सेल्सिअस अशी मर्यादा छापलेली असते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४६-४७ ला पोहोचतो, आणि पत्र्याच्या खोलीत, बंद लोखंडी पेटीत तो त्याहून वर जातो. दुपारी नेट जाते आणि संध्याकाळी आपोआप येते, असे होत असेल तर आधी पेटीला हात लावून पाहा. पेटी पत्र्याखालून काढून स्लॅबच्या खोलीत, पश्चिमेची भिंत टाळून, वारा खेळेल अशी लावा. तशी जागाच नसेल, तर ७५ अंशांपर्यंत चालणारे औद्योगिक स्विच मिळतात. ते महाग आहेत, पण दर उन्हाळ्यात नवी पेटी घेण्यापेक्षा स्वस्त पडतात.

एका इमारतीतून दुसरीकडे नेट न्यायचे असेल, उदाहरणार्थ ग्रामपंचायतीतून अंगणवाडीत किंवा शाळेच्या एका वाड्यातून दुसऱ्यात, तर तांब्याची वायर ओढू नका. ती १०० मीटरपलीकडे चालत नाही. त्याहून मोठा धोका म्हणजे मृगाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा. जवळपास वीज पडली की तांब्यातून झटका येऊन दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. काचेचा तंतू वीज वाहत नाही. एवढ्या कामाला सिंगल-मोड तंतू आणि दोन्ही टोकांना प्रकाशाचे वायरीत रूपांतर करणारी छोटी यंत्रे पुरतात. केबलला आधाराची पोलादी तार असेल, तर ती तार इमारतीबाहेरच थांबवून अर्थिंगला जोडावी. तंतू हाताळताना हिरवे टोक हिरव्यातच घाला, निळे निळ्यातच. हिरव्याचे तोंड तिरपे घासलेले असते, त्यामुळे दोन्ही एकमेकांत बसलेले दिसले तरी प्रकाश वाया जातो. टोक उघडे ठेवू नका, धूळ बसते. वेटोळे हाताच्या पंजापेक्षा लहान करू नका.

विजेचा हिशोब सोपा आहे. ओएनटी आणि लहान स्विच मिळून साधारण १५ वॉट घेतात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या लहान बॅटरीत ८४ वॉट-तास साठतात, म्हणजे व्यवहारात तीन-चार तास निघतात. ४० अँपिअर-तासाची बॅटरी घेतली, तर दिवस निघतो. संगणकाच्या इन्व्हर्टरवर विसंबून न राहता या पेट्यांना वेगळी बॅटरी द्या, कारण त्या बंद झाल्या की लॅपटॉप आणि मोबाइल चालू असूनही उपयोग नाही. भारतनेटच्या पेटीसोबत सौर पॅनेल आणि बॅटरी आली असेल, तर बॅटरी जिवंत आहे का, हे दर महिन्याला पाहावे. पॅनेलवर सिमेंटची धूळ साचत असेल, तर आठवड्याला पुसावे.

बिघाड नेमका कुठे आहे, हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. ओएनटीवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर पेटीपर्यंत प्रकाशच येत नाही. केबल तुटली आहे किंवा पलीकडच्या केंद्रातले यंत्र बंद आहे. त्याच केंद्रावरच्या शेजाऱ्याला विचारा. त्याचेही गेले असेल, तर दोष मुख्य केबलचा किंवा केंद्राचा. त्याचे चालू असेल, तर तुमच्या दारापर्यंतच्या तंतूचा. ‘पॉन’चा दिवा लुकलुकत राहिला, तर प्रकाश येतो आहे पण क्षीण आहे किंवा नोंदणी होत नाही. जोडणी घेतली त्या दिवशीच तंत्रज्ञाकडून प्रकाशाचे माप लिहून घ्या. उणे १५ ते उणे २५ डीबीएम चांगले, उणे २७ ही बहुतेक पेट्यांची हद्द. पुढे हे माप ३ ने घसरले, तर अर्धा प्रकाश वाटेत गळतो आहे. दिवे ठीक असतील, तर संगणकावरून आधी राउटरला, मग भारतातल्या एखाद्या सर्व्हरला, मग परदेशातल्या सर्व्हरला पिंग करा. राउटरच उत्तर देत नसेल, तर दोष घरातला. देशातला सर्व्हर ३०-४० मिलिसेकंदांत बोलतो आणि एरवी दीडशेच्या आसपास असणारा युरोपातला तीनशेवर गेला आहे, तर त्या दिवशी खरोखर समुद्रात काही घडले असण्याची शक्यता आहे. सगळे बोलतात आणि फक्त एक सरकारी संकेतस्थळ उघडत नाही, तर त्यांचा सर्व्हर बंद आहे. त्यासाठी आपल्या तंत्रज्ञाला बोलावून उपयोग नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाही. लहान ग्रामपंचायतीला दोन जोडण्या परवडत नाहीत. पण ३०० एमबीपीएसचा प्लॅन सोडून ५० चा घेतला, तर वर्षभरातल्या फरकातून बॅटरी, चांगला स्विच आणि सिमचा राउटर यांचा बराचसा खर्च निघतो. तेही जमत नसेल, तर शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि ग्रामपंचायत यांनी वेगवेगळ्या वाटांच्या जोडण्या घ्याव्यात आणि अडचणीच्या दिवशी एकमेकांना वापरू द्याव्यात, तसा ठराव करून ठेवावा. खोदकामाबाबतही ठराव हवा. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आणले. खोदणाऱ्याने त्यावर जागा कळवली की तिथे केबल किंवा पाइप असणाऱ्या संस्थांना सूचना जाते. त्यावर ज्यांचे नकाशे नोंदलेले आहेत त्यांनाच ते उपयोगी पडते, म्हणून दप्तरी ठेवलेला नकाशाही जेसीबीवाल्याला दाखवावा. गावहद्दीत खोदकामाची परवानगी देताना अॅपवरच्या सूचनेची प्रत अर्जाला जोडण्याची अट घाला. आणि ती वही ठेवाच: तारीख, नेट गेल्याची वेळ, आल्याची वेळ, दिव्याचा रंग, कोणते सिम चालू होते, कारण काय निघाले. वर्षअखेरीस जोडणीचे नूतनीकरण करताना ती टेबलावर ठेवा आणि बंद पडलेल्या तासांची सूट मागा.